चेंडूवर ‘फ्रँक सग, लिव्हरपूल’ असा ठसा आहे: हा खेळाडू कोण, चेंडू केव्हाचा आणि तो जपायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लिव्हरपूलला नोकरीत असताना जुन्या बाजारात वादीने, म्हणजे चामड्याच्या नाडीने, बांधलेला, चपटा पडलेला चामडी फुटबॉल घेतलात. त्यावर ‘फ्रँक सग, लिव्हरपूल’ असा पुसट ठसा आहे. आता चेंडू कोल्हापूरला घरी आहे. हा सग खरोखर फुटबॉलपटू होता का, खेळाडूचा खेळसाहित्याशी काय संबंध, चेंडू किती जुना, आणि खोबरेल तेल चोळून हवा भरली तर चालेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांना अर्थ राहणार नाही. तेल लावू नका. हवा भरू नका. वादी सोडू नका. पुढचं वाचून होईपर्यंत चेंडू स्वच्छ सुती कापडावर, ठसा वर येईल असा ठेवून द्या.

बाकीचे प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी मुळात एकच गोष्ट समजून घ्यायची आहे: चेंडूवरच्या नावाचा अर्थ काय? जुन्या खेळसाहित्यावरचं नाव हे विकणाऱ्याने दिलेली हमी असते. शिवणाऱ्याचं नाव त्यावर सहसा नसतं. त्यामुळे नाव वाचायचं ते माणूस आणि दुकान कळण्यासाठी. चेंडूचं वय मात्र शिवण, चामडं आणि तोंडाची चीर यांवरूनच काढायचं.

आधी माणूस. फ्रँक सग खराखुरा फुटबॉलपटू होता, आणि त्याहून मोठा क्रिकेटपटू. जन्म १८६२, डर्बीशरमधलं इल्केस्टन गाव. फुटबॉलमध्ये शेफिल्ड वेन्सडे, डर्बी काउंटी, बर्नली आणि एव्हर्टन. क्रिकेटमध्ये आधी यॉर्कशर, मग डर्बीशर आणि १८८७ पासून १८९९ पर्यंत लँकशर. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो दोन कसोटी खेळला, दोन्ही १८८८ च्या उन्हाळ्यात. त्यातली मँचेस्टरची कसोटी ३१ ऑगस्टला संपली आणि इंग्लंडची फुटबॉल लीग, म्हणजे जगातली पहिलीच लीग, ८ सप्टेंबरला बारा क्लबांनिशी सुरू झाली. त्या पहिल्याच हंगामात सग एव्हर्टनकडे होता. एव्हर्टनचं मैदान तेव्हा लिव्हरपूलमधलंच ॲनफिल्ड होतं. क्लब तिथून १८९२ मध्ये बाहेर पडला. उन्हाळ्यात बॅट आणि हिवाळ्यात बूट, असं ते वर्ष होतं.

आता दुकान का, ते पाहू. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला अधिकृत परवानगी दिली ती जुलै १८८५ मध्ये. त्याआधी लँकशरचे क्लब चोरून पैसे देत, किंवा एखाद्या गिरणीत नावापुरती नोकरी देत. परवानगी मिळाली तरी खेळाडूचं पोट फक्त हंगामापुरतं भरायचं, आणि गुडघा गेला की सगळंच संपायचं. पुढे १९०१ मध्ये तर पगारावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा आली. अशी मर्यादा कमीजास्त होत १९६१ पर्यंत टिकली. म्हणजे खेळाडू कितीही मोठा झाला तरी पगाराला छत होतं. नावाला मात्र नव्हतं. लीग सुरू झाल्यावर गावोगावी क्लब निघत होते, प्रत्येकाला चेंडू, बूट, नडगीची पॅडं, जर्सी हवी होती, आणि कोणतं सामान चांगलं हे नव्या माणसाला कळत नव्हतं. अशा वेळी ‘हे सग विकतो’ एवढं पुरे व्हायचं. फ्रँक आणि त्याचा भाऊ वॉल्टर यांनी खेळसाहित्याच्या धंद्यात पाय रोवले ते याच काळात. वॉल्टरही डर्बीशरकडून क्रिकेट खेळलेला. फ्रँकने पुढे स्वतःच्या नावाचं क्रिकेट वार्षिकही काढलं. दुकानाला याहून चांगली जाहिरात कोणती असणार! दोघे भाऊ मे १९३३ मध्ये आठ दिवसांच्या अंतराने गेले.

सग एकटा नव्हता, आणि हे आपल्याकडच्या वाचकाला पटकन कळेल अशा उदाहरणाने सांगतो. ‘गन अँड मूर’ची, म्हणजे जीएमची बॅट पाहिली नाही असा क्रिकेटवेडा मराठी माणूस विरळा. त्यातला ‘गन’ म्हणजे नॉटिंगहॅमचा विल्यम गन. हा नॉट्स काउंटीचा फुटबॉलपटू, १८८४ मध्ये इंग्लंडकडून दोन फुटबॉल सामने खेळलेला, शिवाय अकरा कसोटी खेळलेला फलंदाज. त्याने टी. जे. मूरबरोबर १८८५ मध्ये कंपनी काढली. तेच ते वर्ष, व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळालेलं. विस्डेन या क्रिकेट वार्षिकाने १८९० च्या अंकात वर्षातले नऊ फलंदाज निवडले, त्यांत गन आणि सग दोघेही आहेत. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसनने १८७४ मध्ये क्रिकेटची पॅडं कापून लहान केली आणि मोज्यांवरून नडगीला बांधली. आजच्या शिनगार्डची सुरुवात तीच. ॲस्टन व्हिलाचा हॉवर्ड व्हॉटन चांदीकामाच्या धंद्यात गेला. बर्मिंगहॅममधल्या विल्यम शिलकॉकच्या बूट-चेंडूंच्या दुकानात मांडलेला एफए कप सप्टेंबर १८९५ मध्ये चोरीला गेला, तेव्हा नवा कप घडवला तो व्हॉटनच्याच पेढीने. खेळाडू, दुकानदार आणि कारागीर यांच्यात तेव्हा फार अंतर नव्हतं, हे यावरून दिसतं.

पण म्हणून तुमचा चेंडू सगच्याच छपराखाली शिवला असं धरून चालू नका. अशा ठशाचे तीन अर्थ संभवतात: माल स्वतःच्या कारखान्यात झाला, दुसऱ्या कारखान्याकडून आपला ठसा मारून घेतला, किंवा तयार चेंडूवर दुकानाचा शिक्का मारला. चेंडूचे तुकडे कारखान्यात कापायचे आणि शिवायला बाहेर, घरोघरी द्यायचे, हीही या धंद्यात रुळलेली पद्धत आहे. या तिन्हींतला फरक ठशावरून सांगता येत नाही. तो जुन्या किंमतपत्रकांशी ताडूनच सांगता येतो.

आता वय. इथे बरंच काही तुम्ही भिंगात काय पाहता यावर अवलंबून आहे, म्हणून कुठे पाहायचं तेवढं सांगतो. बॅटरी चेंडूच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, आडवा उजेड पाडून पाहा. समोरून टाकलेल्या उजेडात ठसा नीट दिसत नाही.

पहिली गोष्ट, तुकड्यांची मांडणी. दोन ध्रुवांवर एकेक गोल चकती आणि तिथून निघालेल्या, संत्र्याच्या फोडींसारख्या पट्ट्या असतील, तर तो बटणाचा चेंडू. ही घडण जुनी, एकोणिसाव्या शतकातली. चकती असते कारण सगळ्या पट्ट्यांची टोकं एका बिंदूत आणून शिवली तर तिथे टाक्यांची गर्दी होते आणि चामडं फाटतं. याउलट तीन-तीन समांतर पट्ट्यांचे सहा गट, म्हणजे एकूण अठरा तुकडे दिसले, तर ती नंतरची घडण. ती विसाव्या शतकात फार काळ चालली, त्यामुळे तेवढ्यावरून दशक सांगता येत नाही.

दुसरी, तोंड. वादीची चीर म्हणजे ब्लॅडर, म्हणजे हवा भरायची आतली पिशवी, आत घालायची जागा. आधी डुकराचं मूत्राशय फुगवून घालत. १८६० च्या दशकात रग्बी गावच्या रिचर्ड लिंडनने रबरी ब्लॅडर आणि पितळी पंप आणला. ब्लॅडरची लांब मान हवा भरल्यावर दुमडून दोऱ्याने बांधायची, चिरीखाली सरकवायची, वर चामड्याची जीभ आणि मग वादी. हेडर मारताना कपाळाला लागायची ती हीच जागा. बिनवादीचा, आत व्हॉल्व्ह असलेला चेंडू अर्जेंटिनातल्या बेल व्हिये गावी १९३१ मध्ये तयार झाला. पण इतरत्र वादीचे चेंडू त्यानंतरही अनेक वर्षं निघत राहिले. म्हणून व्हॉल्व्ह दिसला तर चेंडू १९३० नंतरचा हे नक्की, वादी दिसली तर त्याआधीचा हे मात्र नक्की नाही. इथे बहुतेकांची फसगत होते.

तिसरी, कापलेली कड. चिरीच्या आतल्या बाजूला चामड्याची जाडी उघडी दिसते. ती आरपार तपकिरी असेल तर चामडं सालीच्या अर्कात कमावलेलं आहे, आपल्या कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तसं. मध्ये निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोमने कमावलेलं, म्हणजे बहुधा विसाव्या शतकातलं. ही कड पाहायला वादी सोडावी लागत नाही. दोन भोकांच्या मधून दिसते तेवढी पुरते.

चौथी, माप. चपट्या चेंडूभोवती टेप गुंडाळून काही हाती लागत नाही. त्याऐवजी हिशेब करा. पूर्ण आकाराच्या चेंडूचा घेर २७ ते २८ इंच, म्हणजे साधारण ६८.५ ते ७१ सेंटिमीटर. अठरा तुकड्यांच्या चेंडूत घेर चार गटांवरून जातो. तेव्हा एका गटाची मधल्या रेषेवरची लांबी १७ ते पावणेअठरा सेंटिमीटर भरली पाहिजे. ती १६ च्या आसपास भरली तर चेंडू चार नंबरचा, म्हणजे मुलांचा. बटणाच्या चेंडूत एका चकतीच्या मध्यापासून दुसऱ्या चकतीच्या मध्यापर्यंतचं अंतर घेराच्या निम्मं, म्हणजे ३४ ते साडेपस्तीस सेंटिमीटर. सुती दोरा शिवणीवरून अलगद टेकवत न्या, मग दोरा पट्टीवर मोजा. चामडं सुकून आकसलेलं असतं, त्यामुळे अर्धा सेंटिमीटर कमी भरला तर घाबरू नका.

वजनावर मात्र विसंबू नका. १८८९ च्या नियमात चेंडू १२ ते १५ औंसांचा, म्हणजे ३४० ते ४२५ ग्रॅम होता, आणि १९३७ पासून १४ ते १६ औंस. कागदावर हा फरक वय काढायला सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात शंभर वर्षांत मुरलेलं ग्रीस, माती आणि आतलं कडक झालेलं रबर यांनी तो कधीच पुसलेला असतो.

पाचवी, खुद्द ठसा. हा ठसा बहुधा तुकडा सपाट असतानाच, शिवणीपूर्वी मारतात. दुकानाचा शिक्का असला तरी तो चेंडू नवा असतानाच मारलेला असतो. म्हणून खऱ्या ठशाची अक्षरं चामड्याबरोबर झिजतात आणि तड्यापाशी तुटतात. शाई किंवा दाब तड्याच्या आत उतरलेला दिसला, किंवा झिजलेल्या जागी अक्षर जास्तच ठळक उमटलेलं दिसलं, तर ठसा नंतर मारलेला आहे. प्रसिद्ध खेळाडूच्या नावावर भाव चढतो, म्हणून हे तपासायचंच. ठशाजवळ नोंदणी क्रमांक सापडला तर उत्तमच. ब्रिटनमध्ये नमुन्यांच्या, म्हणजे डिझाइनच्या, नोंदणीची ही क्रममाला १८८४ मध्ये एकपासून सुरू झाली, १८९० च्या सुरुवातीला ती सुमारे १ लाख ४१ हजारांवर होती आणि १९०० च्या सुरुवातीला सुमारे ३ लाख ५१ हजारांवर. क्रमांक नमुन्याचा असतो हे लक्षात ठेवा. तुमचा चेंडू त्या वर्षीचा किंवा त्यानंतरचा, एवढंच त्यातून कळतं.

थोडक्यात, बटणं, आरपार तपकिरी कड आणि तड्यांबरोबर तुटणारा ठसा या तिन्ही गोष्टी जुळल्या तर सग खेळत होता त्या काळापर्यंत मागे जाता येईल. अठरा तुकडे आणि निळसर रेघ दिसली तर दुकान चालू होतं, पण त्याचे बूट केव्हाच खुंटीला लागले होते असं समजा.

आता जपणुकीकडे येतो. चेंडू असा का बिघडतो हे कळलं की काय करायचं ते आपोआप कळतं. सालीत कमावलेल्या जुन्या चामड्याने कारखान्यांच्या धुरातला गंधक वर्षानुवर्षं शोषलेला असतो. त्याचं आम्ल होतं आणि तंतू तुटत जातात. हात लावला की विटकरी भुकटी सुटते. हीच ती लाल कूज. आतलं जुनं रबरही गंधक सोडतं, म्हणजे हल्ला दोन्हीकडून. अशा चामड्याला तेल लावलं तर ते काळं पडतं, धूळ धरतं, ठसा कायमचा बुडतो, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याच तेलावर बुरशी चढते. खोबरेल तर थंडीत थिजून टाक्यांच्या भोकांत पांढरं दिसत राहतं. पाणी लावलं तर चामडं काळवंडून आकसतं. हवा भरली तर चामड्याआधी दोरा तुटतो. ताग-जवसाचा मेण लावलेला दोरा बाहेरून धड दिसतो, पण शिवणीच्या आत सडलेला असतो. एक टाका गेला की शेजारचे दहा जातात.

म्हणून आधी चाचणी. कोरडा कापसाचा बोळा चिरीजवळच्या आडबाजूला हलका फिरवा. बोळा स्वच्छ राहिला तर चामडं शाबूत आहे. नुसता मळ आला तर मऊ ब्रशने धूळ झाडा आणि ब्रशजवळ व्हॅक्यूमची नळी कमी ओढीवर, तोंडाला जाळीचं कापड बांधून धरा. बोळ्यावर विटकरी भुकटी आली तर झाडणंही थांबवा आणि आधी पृष्ठभाग बांधून घ्या, म्हणजे सुटणारी भुकटी जागच्या जागी धरून ठेवा.

त्यासाठी आम्ही हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज ही चिकट धरणारी पूड वापरतो. १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ ग्रॅम पूड ढवळत-ढवळत चिमटीचिमटीने सोडायची. एकदम ओतली तर गुठळ्या होतात. झाकण लावून रात्रभर ठेवलं की पातळ पेजेसारखं होतं. मऊ ब्रशने आडबाजूला नखाएवढ्या जागी लावून एक दिवस थांबायचं. रंग गडद झाला नाही तरच पुढे जायचं. दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. ठशाच्या जागी शाई असेल तर तेवढी जागा सोडायची, कारण अल्कोहोलने काही शाया सुटतात. खोलीत हवा खेळती हवी आणि विस्तव जवळ नको.

आकाराचं काय? लाल कूज असेल तर चपटा आहे तसाच राहू द्या. त्याखाली पॉलिस्टर कापसाची गोल चुंबळ द्या, म्हणजे वजन एका घडीवर येणार नाही. चामडं शाबूत असेल आणि वादी आधीच सुटलेली असेल, तरच आत भरण घालायचं. ब्लॅडरचे तुकडे झाले असतील तर चिमट्याने काढून पिशवीत, तारीख घालून वेगळे ठेवा. तोही पुरावाच आहे. मग पातळ सुती मोजा चिरीतून आत सरकवा आणि त्यात पॉलिस्टर कापूस थोडाथोडा भरा. मोजा नसेल तर कापसाचे तंतू टाक्यांत अडकतात आणि पुढे कधी काढताना दोरा घेऊन बाहेर येतात. अंगठ्याने दाबल्यावर उशीसारखं दबेल इतकंच भरायचं. पूर्ण गोल करण्याच्या मोहात पडू नका. वर्तमानपत्राचे बोळे आणि थर्मोकोलचे दाणे नकोत.

चामडं शाबूत पण कडक असेल तर आधी थोडी दमट हवा देता येते. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला ओला स्पंज वाटीत ठेवा, वर जाळी, जाळीवर चेंडू. आत हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, ठेवून आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास राखा, दर सहा तासांनी बघा, २४ तासांच्या पुढे जाऊ नका. पावसाळ्यात हा प्रयोग करूच नका. कोल्हापुरात तेव्हा तेवढी दमट हवा फुकट मिळते, फक्त तिच्यावर आपला ताबा नसतो.

राहायची जागा: ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चामड्याला मानवते, ६५ च्या वर बुरशीचा धोका. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपाटातली आर्द्रता याच्या बरीच वर असते. हवाबंद झाकणाचा २० लिटरचा डबा घ्या, त्यात आधी १०० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) कापडी पिशवीत ठेवा आणि दोन दिवस हायग्रोमीटर पाहा. काटा ४० च्या खाली गेला तर थोडं जेल काढा, कारण फार कोरड्या हवेत चामडं तडकतं. ६० च्या वर राहिला तर आणखी घाला. जेलचा रंग बदलला की बदलून घ्या. पावसाळा सरला की दर पंधरवड्याला झाकण तासभर उघडं ठेवा आणि चिरीच्या जिभेखाली बघा. बुरशी सगळ्यात आधी तिथेच धरते.

हे करून झालं की चार फोटो टाका: ठसा आडव्या उजेडात, पूर्ण चीर, कापलेली कड पट्टीसह, आणि एका गटाचं किंवा चकतीचं माप. बटणं आहेत की अठरा तुकडे, एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल.